देव जवळ आहे. न्याय कोठे आहे?



धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा दीक्षेच्या दिवशी होत नसते. त्या दिवशी अंगावर शुभ्र वस्त्रे असतात, मुखी त्रिशरण-पंचशील असते आणि आजूबाजूला हजारो माणसे असतात. परीक्षा होते ती घरातला कर्ता माणूस इस्पितळात पडतो तेव्हा, मुलाची नोकरी सुटते तेव्हा, गाव बहिष्कार घालते तेव्हा. त्या रात्री घरातली वडीलधारी बाई हळूच विचारते, "पूर्वी निदान देवाचे नाव तरी घेता येत होते, आता हाक मारायची कोणाला?" देव्हारा रिकामा केलेल्या घरात हा प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

नेमक्या अशा वेळी एखादा ख्रिस्ती शेजारी, नातलग वा उपदेशक दारी येतो. तो सौजन्याने बोलतो, आजाऱ्याच्या उशाशी बसतो आणि सांगतो की, संकटात देव तुम्हांला सोडून जात नाही, तो तुमच्या शेजारीच आहे. विश्वास ठेवा आणि सहन करा. मग तो विचारतो, "तुमच्या बुद्धाने तर देवच नाकारला. मग तुमच्या दुःखात तुमच्याजवळ आहे तरी कोण?"

ह्या प्रश्नाला उत्तर देणे हे आपले कर्तव्य आहे. मात्र शिवी हे उत्तर नव्हे. ख्रिस्ती समाज हा आपला शत्रू नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे मांडले. त्यानंतर त्या भागातील कितीतरी महार-मांग कुटुंबांनी ख्रिस्ताची वाट धरली. ती आपल्याच रक्ताची माणसे आहेत. तेव्हा भावाने भावाशी वाद घालावा त्या भाषेत आपण वाद घालू. पण वाद घालणारच. कारण वादाचा विषय 'देव आहे की नाही' एवढाच नाही. वादाचा विषय आहे 'सहन करा' हे दोन शब्द.

प्रथम प्रतिपक्षाची बाजू

कायद्याच्या महाविद्यालयात आम्हांला शिकविलेला पहिला धडा असा की, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडता आल्यावाचून त्याचे खंडन करू नये. म्हणून ख्रिस्ती विश्वासाची बळकट बाजू आधी पाहू.

देवावर विश्वास ठेवला की संकटे टळतात, असे ख्रिस्ती धर्माचे मूळ म्हणणे नाही. ख्रिस्त स्वतः वधस्तंभावर मेला आणि मरताना देवाने आपला त्याग केला असा आक्रोश त्याने केला, हे त्यांच्याच शुभवर्तमानात नमूद आहे. पौलाने आपल्या देहातील काटा काढून टाकावा म्हणून देवाची तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. म्हणजे त्यांच्या ग्रंथाचा दावा संकटनिवारणाचा नसून सोबतीचा आहे. दुःख राहील, पण दुःखात तू एकटा राहणार नाहीस, असे ते वचन आहे. तेव्हा 'प्रार्थना करा म्हणजे कर्करोग बरा होईल' असे सांगत फिरणारा उपदेशक आधी आपल्याच धर्मग्रंथाशी अप्रामाणिक आहे. त्याला आपण बाजूला ठेवू. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

सोबतीच्या ह्या श्रद्धेने माणसे उभी राहिलेली आहेत, हेही नाकारता येत नाही. महाराष्ट्रापुरते पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. आई-वडील दुष्काळात गेले, पती लग्नानंतर दोन वर्षांच्या आत गेला, १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर सगळा ब्राह्मण समाज उलटला. तरीही १८९६-९७ च्या दुष्काळात ही बाई मध्य प्रांतात गेली आणि उपाशी मरणाऱ्या मुलींना उचलून घेऊन आली. केडगावला तिने मुक्तिसदन उभारले. आपला भरवसा देवावर आहे असे ती म्हणे. पण, वाचकहो, तिने केले काय ते पाहा. तिने विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना चालविला, मुलींच्या हाताला धंदा दिला. आणि १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात व छावणीत स्त्रियांची जी दुर्दशा झाली, तिच्याविरुद्ध तिने वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. तो विषय इंग्लंडच्या पार्लमेंटापर्यंत गेला. 'देव जवळ आहे, गप्प बसा' असे रमाबाईंनी कोणाला सांगितले नाही.

येथेच आपल्या वादाचा मुद्दा हाती लागतो. श्रद्धा दोन प्रकारची असते. एक माणसाला उठवून उभी करते. दुसरी उभ्या असलेल्या माणसाला खाली बसविते. नाव दोघींचे एकच असते. म्हणून नावावर न जाता काम पाहिले पाहिजे.

ईयोबाची फिर्याद

दारी येणाऱ्या उपदेशकाला त्याच्याच बायबलातील ईयोबाच्या पुस्तकाविषयी अवश्य विचारा. ईयोब हा सज्जन, सुखवस्तू गृहस्थ. एकामागून एक आघात झाले. गुरे गेली, मुले मेली, अंगभर फोडे उठले. तो राखेत बसला. त्याच्याकडे तीन मित्र सांत्वनाला आले. ते काय म्हणाले? देव न्यायी आहे, त्याअर्थी तुझ्या हातून काही पाप घडलेच असले पाहिजे. पाप कबूल कर आणि निमूट राहा. हा युक्तिवाद आपण कोठेतरी ऐकलेला नाही काय? पूर्वजन्मीचे पाप म्हणून ह्या जन्मी महारवाडा, असे आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके सांगणारे कोण होते? ईयोबाचे ते तीन मित्र आणि आपले धर्मशास्त्री एकाच शाळेत शिकलेले दिसतात.

पण ईयोबाने पाप कबूल केले नाही. त्याने न्यायाची भाषा वापरली. मला देवासमोर माझा दावा मांडावयाचा आहे, माझ्यावरचा आरोप लेखी द्यावा, मी त्याचे उत्तर देईन, असे तो म्हणाला. देव आणि आपण ह्यांच्यामध्ये कोणी पंच नाही, ही त्याची तक्रार होती. आणि ग्रंथाचा शेवट पाहा. देव रागावतो तो त्या तीन धार्मिक मित्रांवर. ते आपल्याविषयी योग्य बोलले नाहीत, ईयोब योग्य बोलला, असा निर्वाळा देतो. फिर्याद करणारा खरा ठरला आणि 'सहन कर' म्हणणारे खोटे ठरले!

लूककृत शुभवर्तमानात येशूने सांगितलेली एक गोष्टही ह्याच वळणाची आहे. एका गावात देवाला न भिणारा व माणसाची पर्वा न करणारा न्यायाधीश असतो. एक विधवा आपल्या प्रतिवादीविरुद्ध न्याय मागण्यासाठी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते. शेवटी तिच्या चिकाटीला कंटाळून तो न्याय देतो. प्रार्थना कशी करावी हे शिकविण्यासाठी ही गोष्ट सांगितली आहे. प्रार्थनेचा नमुना म्हणून येशूने गुडघे टेकलेला माणूस दाखविला नाही. कचेरीच्या पायऱ्या झिजविणारी बाई दाखविली. आम्ही वकिलीच्या धंद्यात अशा बाया रोज पाहतो. पदरात कागदांची पुडकी घेऊन तारखेमागून तारखेला त्या येतात. त्यांना कोणी 'देव जवळ आहे, घरी जा' असे सांगितले, तर ते त्या गोष्टीच्या अगदी उलट होईल.

आणि याकोबाचे पत्र? उघड्या व उपाशी भावाला 'सुखी राहा, ऊब घे, पोटभर जेव' असे शब्द देऊन रिकाम्या हाताने वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव आहे, असा त्यात स्पष्ट दाखला आहे. तेव्हा आमचे खंडन बायबलाच्या बाहेरून आलेले नाही. आम्ही प्रतिपक्षाच्याच कागदपत्रांवर बोट ठेवीत आहोत.

कापून छापलेले बायबल

'सहन करा' हा उपदेश निरपराध असतो असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक दस्तऐवज पुढे ठेवतो. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरील निग्रो गुलामांसाठी बायबलाची एक खास आवृत्ती छापण्यात आली. ती संपूर्ण नव्हती. निवडक भागांची होती. जुन्या करारातील बहुतेक सारा भाग तीतून गळला होता. मिसरच्या दास्यातून इस्राएल लोक बाहेर पडले, देवाने गुलामांचा आक्रोश ऐकला व राजाच्या तावडीतून त्यांना सोडविले, ही निर्गमाची कथाच काढून टाकलेली होती. मात्र दासांनी आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहावे हा उपदेश जसाच्या तसा ठेवला होता.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गुलामांना देव नको असे मळेवाल्यांना वाटत नव्हते. देव हवाच होता. पण कातरलेला देव हवा होता. सोबत करणारा हवा होता, सोडविणारा नको होता. चाबकाच्या माराखाली सांत्वन देणारा हवा होता, चाबूक धरणारा हात पकडणारा नको होता. तेव्हा कोणी तुम्हांला देवाच्या सान्निध्याची ग्वाही देऊ लागला, तर पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या प्रतीत निर्गमाची पाने आहेत की कापलेली आहेत?

१९५६ सालच्या दोन गोष्टी

१९५६ हे साल आपल्या हृदयावर कोरलेले आहे. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. त्याच साली पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहरी, आपल्यासारख्याच तुडविलेल्या लोकांचा एक लढा चालू होता. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स ह्या निग्रो स्त्रीने बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. तिला अटक झाली. ५ डिसेंबरपासून काळ्या जनतेने बसवर बहिष्कार घातला. तो ३८१ दिवस टिकला. माणसे कामावर चालत गेली, थंडीपावसात गेली, म्हातारी माणसे गेली.

लढ्याचा पुढारी मार्टिन ल्यूथर किंग हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा धर्मोपदेशक. २७ जानेवारी १९५६ च्या रात्री त्याला धमकीचा फोन आला. झोप उडाली. स्वयंपाकघरात कॉफीचा पेला पुढे घेऊन तो बसला, आपले बळ संपले असे त्याने देवापाशी कबूल केले. आणि त्या क्षणी देव आपल्याजवळ आहे अशी प्रचीती आल्याचे त्याने पुढे स्वतः लिहिले आहे. तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, त्याच्या घरावर बाँब पडला. पत्नी व तान्हे मूल घरात होते, सुदैवाने वाचले.

आता ह्यापुढचे पाहा. त्या प्रचीतीनंतर तो घरी बसला काय? घर सोडून पळाला काय? नाही. १ फेब्रुवारी १९५६ रोजी, बाँबनंतर दोनच दिवसांनी, निग्रो स्त्रियांच्या नावे संघराज्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला. तो दाखल करणारा वकील फ्रेड ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण स्वतः धर्मोपदेशकही होता. तीन न्यायाधीशांच्या पीठाने ५ जूनला बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. १३ नोव्हेंबरला, म्हणजे नागपूरच्या दीक्षेनंतर बरोबर तीस दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. डिसेंबरच्या २१ तारखेस काळी माणसे हवी त्या जागी बसली.

बसची जागा कोणी मिळवून दिली? देवाने? आम्ही ह्यावर भांडणार नाही. ज्याची त्याने श्रद्धा ठेवावी. पण नोंदीत जे दिसते ते असे: पायांनी, पैशाच्या वर्गणीने, संघटनेने आणि दाव्याच्या कागदाने. श्रद्धेने त्यांना रात्र काढण्यास बळ दिले असेल. जागा मात्र लढ्याने मिळाली. आणि १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून किंगने जे प्रसिद्ध पत्र लिहिले, ते कोणाला उद्देशून होते? 'थांबा, घाई करू नका' असा सल्ला देणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना! ज्यांच्या कपाळी मार नाही, त्यांना 'सहन करा' असे म्हणणे नेहमीच सोपे असते.

आपल्या देशातील हिशेब

आता आपल्या देशाकडे वळू. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या याद्या जाहीर झाल्या. त्यातील तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू धर्माबाहेरच्या माणसाला अनुसूचित जातीत गणू नये असे ठरविले. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. आपण धर्म बदलला आणि त्या आदेशाप्रमाणे यादीबाहेर पडलो. केंद्राच्या कायद्यात बौद्ध हा शब्द यावयास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! ती चौतीस वर्षे मोर्चे, निवेदने, सत्याग्रह व तुरुंग ह्यांनी भरलेली आहेत. कोणी आकाशातून दुरुस्ती विधेयक टाकले नाही.

ख्रिस्ती दलित मात्र त्या परिच्छेदाबाहेरच राहिले. मद्रासच्या रस्त्याकडेला बसून जोडे शिवणारा सूसाई हा मूळचा आदि-द्रविड, धर्माने ख्रिस्ती. चर्मकारांना सरकारकडून फुकट टपऱ्या मिळाल्या. त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला; धर्मांतरानंतरही जातीची झळ तितक्याच तीव्रतेने पोचते हे दाखविणारा पुरावा अभिलेखावर नाही, असे म्हटले. वाचकहो, पुरावा नाही! रस्त्यावर बसलेला चांभार हा पुरावा नव्हता. पुरावा म्हणजे कागद, पाहणी, आकडे, अहवाल. ते तयार करणे हे समाजाच्या पुढाऱ्यांचे व धर्मसंस्थांचे काम होते. शाळा, महाविद्यालये, छापखाने ज्यांच्या हाती होते त्या मिशनांनी शंभर वर्षांत हे काम का केले नव्हते?

बाबासाहेबांनी हे दुखणे फार पूर्वी ओळखले होते. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या वाङ्मयाच्या पाचव्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवरील त्यांचा निबंध आहे. त्याचे मर्म असे की, हा समाज स्वतःवरील सार्वजनिक अन्यायाविरुद्ध चळवळ करीत नाही; आणि माणसाच्या अधोगतीचे मूळ परिस्थितीत नसून पापात आहे, ह्या शिकवणीने त्याची लढण्याची धार बोथट झाली आहे. पुन्हा तेच! ईयोबाचे तीन मित्र!

चर्चच्या आतही जात मेली नाही. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या व इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत उभी राहिली. २००८ साली तामिळनाडूतील एरैयूर गावी दलित ख्रिस्ती वेगळा धर्मग्राम मागू लागले तेव्हा हिंसाचार उसळला व पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये भेदभाव व अस्पृश्यता आहे हे त्यात कबूल केले. ही कबुली देण्यास धैर्य लागते. त्याबद्दल त्यांना श्रेय दिले पाहिजे. पण मेलेल्याच्या थडग्याजवळही ज्यांना भिंत लागते, त्यांनी जिवंत माणसाला 'देव तुझ्या शेजारी आहे' असे सांगावे, ह्यापरता विरोधाभास कोणता? देव शेजारी बसतो, पण देवाचे भक्त बसत नाहीत!

२०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचे प्रकरण आले. जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाल्याची त्याची फिर्याद होती. धर्मांतर केल्यामुळे अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण त्याला मिळू शकत नाही, असा निर्णय झाला. मारणाऱ्याने धर्म पाहिला नव्हता, जात पाहिली होती. कायद्याने मात्र धर्म पाहिला.

ह्या ठिकाणी आपल्यातील काही मंडळी मनात सुखावतात, हे आम्हांला ठाऊक आहे. 'बरे झाले, आपल्या वाट्यात वाटेकरी वाढला नाही.' त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे की, ही बौद्ध वृत्ती नव्हे. १९५६ ते १९९० आपण ज्या दाराबाहेर उभे होतो, त्याच दाराबाहेर आज आपला भाऊ उभा आहे. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ च्या अहवालात अनुसूचित जातीचा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात याचिका पडून राहिल्या. २०२२ साली न्या. बालकृष्णन ह्यांचा नवा आयोग नेमला गेला. दलित ख्रिस्ती १० ऑगस्ट हा काळा दिवस म्हणून पाळतात, रस्त्यावर येतात, न्यायालयात जातात. त्या दिवशी ते ईयोबाच्या बाजूला असतात. त्या दिवशी आपण त्यांच्या बाजूला उभे राहिले पाहिजे. टक्केवारीचा प्रश्न टक्केवारीने सोडवावा. अन्यायाने सोडवू नये.

मग आपल्याजवळ आहे कोण?

आता त्या वडीलधाऱ्या बाईच्या प्रश्नाकडे येऊ. हाक कोणाला मारायची?

किसा गोतमीचे मूल मेले. मृत मुलाला छातीशी धरून ती औषध मागत भगवान बुद्धांकडे आली. मूल देवाजवळ सुखी आहे असे तथागतांनी तिला सांगितले नाही. पूर्वजन्मीचे पाप फळाला आले असेही सांगितले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरून मोहरी आण, असे म्हणून त्यांनी तिला घरोघर पाठविले. एकट्या पडलेल्या आईला त्यांनी माणसांत पाठविले. मोहरी कोठे मिळाली नाही. पण प्रत्येक उंबऱ्यावर आपल्यासारखाच दुःखी माणूस मिळाला.

दुसरी कथा विनयपिटकातील. एक भिक्षू अतिसाराने आजारी पडला. स्वतःच्या घाणीत लोळत होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, आनंदाच्या मदतीने त्याला धुतले, अंथरुणावर ठेवले. मग संघाला बोलावून विचारले की, येथे तुम्हांला आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा करणार नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांचा उपदेश आहे.

हे आपले उत्तर आहे. दुःखात आपल्याजवळ माणूस असतो, असला पाहिजे. संघाला शरण जातो म्हणजे काय, ह्याचा अर्थ हाच. बुद्ध वाट दाखवितो, धम्म चालण्याची रीत देतो आणि संघ हात धरतो.

पण हे उत्तर देताच आपल्यावर जबाबदारी येऊन पडते, आणि येथे आपण आपल्याच घराकडे कठोरपणे पाहिले पाहिजे. ख्रिस्ती शेजारी आजाऱ्याच्या उशाशी येऊन बसला म्हणून त्याचे शब्द लागले. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला इस्पितळ काढले, तेथे किती अस्पृश्यांच्या अंगाला पहिल्यांदा परजातीच्या माणसाचा मायेचा हात लागला असेल! त्या हाताशी आपण वादाने स्पर्धा करू शकत नाही. हातानेच करू शकतो. आपल्या विहारातील मंडळी जयंतीची मिरवणूक काढतात, ध्वनिक्षेपक लावतात. पण त्याच वस्तीतील कोणी इस्पितळात पडले तर रात्रीची पाळी करावयास किती जण जातात? संघ जर हजर नसेल, तर देव आपली जागा घेणारच. रिकाम्या जागेत तो येतो.

दुसरी गोष्ट. काही घरांत देव्हाऱ्यातून खंडोबा-मरीआई काढून तेथे बुद्धमूर्ती व बाबासाहेबांचे छायाचित्र मांडले गेले. पण नवस तोच राहिला. मुलगा पास होऊ दे, बदली होऊ दे! बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा देव बदलण्यासाठी नव्हत्या. लाचारी टाकण्यासाठी होत्या. आणि 'माझे कर्मच फुटके' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, गतजन्मीच्या कर्मावर आजच्या दारिद्र्याचे खापर फोडण्याची शिकवण बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात निक्षून नाकारली आहे. देवाची इच्छा म्हणणारा ख्रिस्ती आणि कर्माचे फळ म्हणणारा बौद्ध हे दोघे एकाच खुर्चीवर बसलेले आहेत.

करावयाचे काय

संकट दोन जातींचे असते. मृत्यू, रोग, वार्धक्य हे एक. त्याला शुश्रूषा, समजूत व सोबत हाच उतारा. बहिष्कार, मारहाण, जमिनीची लूट, पोराला शाळेत वेगळे बसविणे हे दुसरे. त्याला सोबतीबरोबर तक्रार हवी. पहिल्यात फिर्याद व्यर्थ आहे, दुसऱ्यात सहनशीलता पाप आहे. उपदेशकांची सर्वांत मोठी लबाडी ही की, ते दुसऱ्या जातीच्या संकटाला पहिल्या जातीचे औषध देतात.

म्हणून प्रत्येक बौद्ध कुटुंबाने एवढे पाठ करावे. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा केला. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९९० च्या दुरुस्तीनंतर, अनुसूचित जातीतून आलेल्या बौद्धालाही लागू आहे. फिर्याद नोंदविण्याचे कर्तव्य जाणूनबुजून टाळणारा सरकारी नोकर ह्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने दोषी ठरू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला व कोणत्याही स्त्रीला फुकट वकील मागण्याचा हक्क आहे; तालुक्याच्या न्यायालयात अर्ज द्यावा. घटना घडली की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, साक्षीदारांची नावे कागदावर उतरवा. जखमांची वैद्यकीय तपासणी करून घ्या. फिर्यादीची प्रत मागा. ती फुकट मिळाली पाहिजे. जातीचा दाखला घरात जपून ठेवा. तो नसेल तर अर्ज करण्यास उद्याचा मुहूर्त पाहू नका. आणि विहारात एक वही ठेवा: कोण आजारी आहे, कोणाची तारीख केव्हा आहे, बरोबर कोण जाणार आहे.

पोलीस ठाण्यात एकटा गेलेला माणूस परत पाठविला जातो. दहा जण बरोबर गेले की फौजदार खुर्ची सरकवितो. ही सोबत डोळ्यांना दिसते, पंचनाम्यात नोंदविता येते आणि साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते.

ख्रिस्ती बांधवाला आमचे अखेरचे सांगणे एवढेच: तुमचा देव दुःखितांच्या जवळ आहे असे तुम्ही मानता, तर तुम्हीही त्यांच्या जवळ या; चर्चमधली भिंत पाडा आणि आमच्याबरोबर कचेरीची पायरी चढा. मग देव आहे की नाही ह्यावर आपण सवडीने वाद घालू. आणि तुम्हां नवदीक्षितांना सांगणे हे: पुढच्या वेळी घरात कोणी विचारील की हाक कोणाला मारायची, तर शेजारच्या बौद्धाच्या दाराची कडी वाजवा. तुमच्या दाराची कडी वाजेल तेव्हा दिवा लावून बाहेर या.

जय भीम!